थेट खात्यावर येणारे पैसे : रकमेइतकीच तारीख महत्त्वाची

भोगावतीकाठ :

नमस्कार मंडळी. मी राधानगरी तालुक्यातल्या एका गावात बँकमित्र आहे. ग्रामपंचायतीशेजारी दहा बाय दहाची खोली, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, छोटा प्रिंटर आणि बाहेर एक बाकडं. सात वर्षं हेच काम करते. लाडकी बहीण, श्रावणबाळ, संजय गांधी निराधार, पीएम किसान, नमो शेतकरी, पोरांच्या शिष्यवृत्त्या असं जे काही सरकारकडून थेट खात्यावर येतं, ते निम्मं गाव माझ्यासमोर अंगठा लावून काढतं. या पैशांवरून टीव्हीवर रोज भांडणं होतात. पण ते गावात आल्यावर त्यांचं पुढं काय होतं, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

आधी एका बाईचं सांगते. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, ऊसतोडीचा हंगाम असला की काम, नाहीतर घरी. दहा गुंठे जमीन आहे, पण सात-बारा अजून सासऱ्याच्या नावावर. ही भांगलणीला जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले दोन महिने एकदम आले, ३,००० रुपये. सगळे काढले आणि थेट किराणा दुकानाची उधारी भागवली. पुढच्या वेळी सासूचा चष्मा आणि पोराचं दप्तर. त्यानंतर मात्र तिनं दर महिन्याला ५०० खात्यावरच ठेवायला सुरुवात केली. मशीनवर शिल्लक वाचून दाखवायला लावायची, दोनदा. मग गल्लीतल्या पंधरा जणींनी मिळून भिशी धरली, महिन्याला हजार. जिचा नंबर लागेल तिला १५,०००. हिचा नंबर पाचवा होता. त्यात बचत गटातून थोडे उचलून तिनं एक रेडी घेतली. घरी नेताना दावं हातात धरून माझ्या खोलीसमोर मुद्दाम थांबली आणि म्हणाली, "तुझ्या मशीनमधनं म्हस निघाली बघ."

रेडी अजून गाभण राहायची आहे. दुधाला यायला वेळ आहे. तरी गोठ्यात स्वतःच्या नावाचं जनावर असणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको.

आता दुसरी बाजू. मधे पैसे लांबले. कधी महिना कोरडा जातो, मग दोन महिन्यांचे एकदम येतात. त्या कोरड्या महिन्यात पंधरापैकी सहा जणींना हजार भरता आले नाहीत. ज्या बाईचा नंबर होता तिला ९,००० मिळाले. तिनं पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी तो नंबर मागून घेतला होता. भांडण झालं, आणि भिशी मोडली ती मोडलीच. नंतर दोन महिन्यांचे ३,००० एकदम आले तेव्हा ते चारी दिशांना गेले. रक्कम तेवढीच होती, पण तिचं काही उभं राहिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की गरीब घराला १,५०० रुपयांचा जेवढा उपयोग आहे, तेवढाच "१० तारखेला येणार" या खात्रीचा आहे. आपल्या जिल्ह्यात हे दुधानं शिकवलंय. दर दहा दिवसांनी डेअरीत बिल होतं, म्हणून म्हशीवाल्या बाईला दुकानदार उधार देतो, पेंडवाला पोतं सोडतो. उसाच्या बिलालासुद्धा कायद्यानं १४ दिवसांची मुदत आहे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज आहे. कारखाना ते देतो की नाही हा वेगळा विषय, पण निदान मागायला कागद आहे. मग ज्या बाईकडं ऊसही नाही आणि म्हैसही नाही, तिच्या पैशाला तारीख का नको?

तुमच्या गावातलं चित्र कसं आहे ते लिहा. बाजूनं असो की विरोधात.


चंदगडकडचा :

ताई, लिहिलंय मनापासून, पण शेतकऱ्याची बाजूही ऐका. माझी काजू आणि दीड एकर ऊस. गेली दोन वर्षं भांगलणीला बायका मिळत नाहीत. पूर्वी सांगावा धाडला की आठ जणी यायच्या. आता तीन आल्या तर नशीब, आणि हजेरी ३०० च्या खाली बोलायचंच नाही. खताचं पोतं महाग, मजुरी महाग, उसाचा दर तिथंच. फुकट पैसा आला की कामाची सवय मोडते असं आमच्याकडं सगळे शेतकरी म्हणतात. मी कुणाला नावं ठेवत नाही, पण हे खरं आहे.


भोगावतीकाठ :

दादा, तुमची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. माझ्या भावाचीही तीच रड आहे. पण हिशेब करून बघा. महिन्याला १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. ५० रुपयांसाठी ३०० ची हजेरी कोण सोडेल?

मी गावात वेगळंच पाहिलं. पूर्वी मृगाच्या तोंडावर घरात दाणा नसायचा, पोरांच्या शाळा सुरू व्हायच्या, तेव्हा बायका शेतकऱ्याकडून उचल घ्यायच्या. दोन हजार, तीन हजार. उचल घेतली की मग तो सांगेल त्या दिवशी, सांगेल त्या हजेरीला जायचं. दुसऱ्याकडं पन्नास जास्त मिळत असले तरी जायचं नाही. आता जूनमध्ये खात्यावर थोडे असतात, म्हणून उचल घ्यावी लागत नाही. बाई कामाला जातेच, पण जिथं दर बरा आहे तिथं जाते. तुमच्याकडं आठच्या तीन झाल्या, त्यातल्या पाच घरी बसल्यात की दुसऱ्याच्या रानात आहेत, हे एकदा विचारून बघाल का? भांडायला म्हणून नाही विचारत, खरंच जाणून घ्यायचंय.


शिरोळ_कुरुंदवाड :

माझा अनुभव योजनांचा नाही, पुराचा आहे. पण विषय तोच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. कृष्णा-पंचगंगा दोन्हीकडून. हायवे शिरोलीजवळ बंद, कोल्हापूर तुटलेलं. पाणी उतरल्यावर महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक आले. त्या माणसांचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही, हे आधी सांगतो. पण ट्रकमधून काय आलं? बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, आणि जुने कपडे. कपड्यांचे अक्षरशः ढीग. आमच्या शाळेच्या मैदानावर ते ओले होऊन कुजले, शेवटी ग्रामपंचायतीला उचलून टाकावे लागले. त्याच वेळी आम्हाला काय हवं होतं? माझ्या आईला स्टोव्हची पिन आणि रॉकेल. शेजाऱ्याला मोटारीचं वायंडिंग करून घ्यायला पैसे. पलीकडच्या घराला म्हशीला वैरण, कारण रानातली सगळी चिखलात गेली होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याला मशीनची सर्व्हिसिंग. ट्रक भरणाऱ्याला पुण्यात-मुंबईत बसून हे कसं कळणार?

सरकारचं सानुग्रह अनुदान आलं, ग्रामीण भागाला १०,०००. त्यातले ५,००० हातात रोख दिले आणि उरलेले खात्यावर. त्या पाच हजारांत आमच्या घरानं पहिल्याच दिवशी काय केलं ते मला पैनपै आठवतं. ताडपत्री, फिनेल, खराटे, वीस किलो तांदूळ, आईच्या गोळ्या, आणि वायरमनला दिलेले. ज्यानं त्यानं आपलं घर आपल्या क्रमानं उभं केलं.

एक गोष्ट मात्र अनुदानातून सुटली. आमच्या वाड्यात भाड्यानं राहणारी दोन कुटुंबं होती, यंत्रमागावर काम करणारी. पंचनाम्याला घरमालकाची कागदपत्रं होती, यांची नव्हती. खूप फिरावं लागलं त्यांना. पैसा थेट दिला तरी कुणाला द्यायचा ही यादी चुकली की सगळं चुकतं.


अर्थशास्त्राचा_विद्यार्थी :

मी शिवाजी विद्यापीठात एम. ए. करतोय, याच विषयाचं वाचन चालू आहे. भोगावतीकाठ ताईंचं भिशीचं निरीक्षण वाचून अंगावर काटा आला, कारण ते बाहेरच्या अभ्यासांशी तंतोतंत जुळतं.

केनियाच्या पश्चिम भागात गिव्हडायरेक्टली नावाची संस्था गरीब कुटुंबांच्या मोबाइलवर थेट पैसे पाठवते, अट कसलीच नाही. तिथल्या एका अभ्यासात काही घरांना रक्कम महिन्या-महिन्यानं दिली आणि काहींना एकदम. कुणाला कशी द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. ज्यांना दरमहा मिळाले त्यांच्या घरचं खाणंपिणं सुधारलं. ज्यांना एकदम मिळाले त्यांनी पत्रे, जनावरं अशा टिकाऊ गोष्टी जास्त घेतल्या. आता आपली भिशी बघा. दरमहा येणाऱ्या पैशातून ५०० घरखर्चाला आणि १,००० भिशीला. म्हणजे या बायकांनी दोन्ही फायदे एकाच १,५०० मधून काढले. फक्त त्यासाठी दर महिन्याला पैसे येणं ही पूर्वअट आहे.

नंतर त्याच भागात आणखी मोठा अभ्यास झाला. ६५३ गावं, १०,५०० हून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं, कारण तो पैसा गावातल्याच दुकानात, सुताराकडं, मजुरीत फिरला. दिलेल्या एका डॉलरमागं स्थानिक अर्थव्यवस्थेत साधारण अडीच डॉलरची भर पडली, आणि महागाई जवळजवळ वाढलीच नाही, ०.१ टक्क्याच्या आसपास.

आपल्या देशातलं उदाहरण मध्य प्रदेशचं. २०११ मध्ये 'सेवा' या महिला संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं तिथल्या काही गावांत हा प्रयोग केला. आधी मोठ्या माणसाला महिन्याला २०० आणि लहान मुलाला १०० रुपये, पुढं ३०० आणि १५०. कोणतीही अट नाही. पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली. लोक आळशी झाले नाहीत. उलट दुसऱ्याच्या रानातली मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या तुकड्यात जास्त राबले, बियाणं घेतलं, जनावरं घेतली. चंदगडच्या दादांना मजूर कमी का मिळतात याचं एक उत्तर यातही असू शकेल.

दारूचा मुद्दा नेहमी येतो म्हणून तोही लिहितो. जागतिक बँकेच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. थेट पैसे मिळाल्यामुळं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात दिसलं नाही, काही ठिकाणी तो कमी झाला.


गडहिंग्लजचे_गुरुजी :

सर्वांचे प्रतिसाद वाचले. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे, त्या नात्याने थोडे लिहितो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. म्हणजे महाराजांनी आधी शाळा उभ्या केल्या, फी काढून टाकली आणि मग सक्ती केली. त्याआधी १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली आणि कामावर येणाऱ्या बायकांच्या लहान मुलांसाठी सांभाळघरेही चालवली. केवळ पैसा वाटून ते थांबले नाहीत. दुष्काळात बाजारात धान्यच नसेल, किंवा व्यापारी भाव चढवत असेल, तर हातातल्या पैशाचा काय उपयोग? हे त्यांनी ओळखले होते.

माझी काळजी ही आहे. खात्यावर दीड हजार येतात याचा मला आनंद आहे. पण माझ्या जुन्या शाळेत आज दोन शिक्षक आणि चार वर्ग आहेत. उद्या कोणी म्हणाले की पैसे दिलेत ना, आता शिकवणी लावा, तर? सरकारी शाळेचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा पर्याय म्हणून हा पैसा येऊ लागला तर गरिबाचा तोटाच होईल. दीड हजारात शाळा विकत घेता येत नाही.

मेक्सिकोमध्ये १९९७ पासून मुलांची शाळेतली हजेरी आणि दवाखान्यातली तपासणी या अटींवर आईच्या हाती पैसे देत, असे वाचले आहे. आपल्याकडे लेक लाडकी योजनेत मुलगी पहिलीत, सहावीत, अकरावीत गेली की टप्प्याटप्प्याने रक्कम आणि १८ व्या वर्षी ७५,००० अशी रचना आहे. मला हा मार्ग अधिक भावतो. विद्यार्थ्याने त्यावरही लिहावे.


अर्थशास्त्राचा_विद्यार्थी :

गुरुजी, तुमची काळजी पूर्ण मान्य. मध्य प्रदेशच्या प्रयोगातही रेशन किंवा शाळा बंद करून पैसे दिले नव्हते, असलेल्या सगळ्याच्या वर दिले होते. ते निष्कर्ष वाचताना हे विसरता कामा नये.

अटींबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. अट घातली की ती तपासायला माणूस लागतो, दाखला लागतो, आणि दाखला मिळवताना सगळ्यात गरीब घरच मागं पडतं. मेक्सिकोत शाळा आणि दवाखाना जवळ होते तिथं अट पाळता आली. आपल्या वाड्या-वस्त्यांत आधी एसटी पोहोचायला हवी.


आशाताई_भुदरगड :

मी आशा स्वयंसेविका आहे. लाडकी बहीणचे फॉर्म भरताना रात्री अकरा-अकरापर्यंत मोबाइल घेऊन बसलेय, ॲप चालायचं नाही, पहाटे चारला उठून भरलेत. त्यामुळं कागद कुठं अडतो ते मला विचारा.

मी मातृवंदना योजनेचं सांगते. पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. योजना कशासाठी? गरोदरपणात बाईला बरं खायला मिळावं, शेवटच्या दिवसांत मजुरीला जावं लागू नये. मी फॉर्म वेळेत भरते. पण माहेरचं आधार, सासरचं आडनाव, बँकेत तिसरंच स्पेलिंग. एका अक्षरासाठी फॉर्म परत येतो. मग गॅझेटची किंवा लग्नाच्या नोंदणीची पळापळ. माझ्याकडच्या एका पोरीला पहिला हप्ता मिळाला तेव्हा बाळ रांगत होतं. अंडी-दुधासाठी ठरलेले पैसे आले, त्यात बाळाचे कपडे आणि पाळणा झाला. वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण सातव्या महिन्यात ती पोरगी ऊस भरायला जात होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या पैशांनी ते थांबायला हवं होतं.

धागाकर्त्या ताई तारखेचं म्हणतायत ना, गरोदर बाईला तर ते सगळ्यात जास्त लागू आहे.


आईसाठी_विचारतोय :

धागा वाचत होतो, वेगळी मदत हवी आहे. मी कामाला पुण्यात, आई एकटी पन्हाळा तालुक्यातल्या वाडीवर. वय ७१. श्रावणबाळचे १,५०० तिला मिळायचे. गेले पाच महिने पासबुकात काहीच नाही. ती तीनदा शाखेत जाऊन आली. तिथं सांगतात "वरून आले नाहीत", तहसीलमध्ये सांगतात "आमच्याकडून गेलेत". ती माणसं खोटं बोलतायत असं वाटत नाही. पण मग पैसे गेले कुठं? आई म्हणते जाऊ दे, नशिबात नसतील. मला ते ऐकवत नाही.


भोगावतीकाठ :

दादा, जाऊ देऊ नका. बहुतेक पैसे आलेत, फक्त दुसरीकडं आलेत. माझ्याकडं अशी वीस-पंचवीस प्रकरणं सुटली आहेत.

पूर्वी या योजनांची यादी तहसीलमधून खातेनंबरासकट बँकेला जायची. आता पैसे आधार नंबरावर जातात. आधारची जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते, आणि जिथं सगळ्यात शेवटी जोडलं गेलं ती बँक धरली जाते. आईंनी मधल्या काळात कुठं आधार दिलंय का आठवा. बचत गटाचं खातं, एखाद्या कर्ज कंपनीनं उघडून दिलेलं खातं, पोस्टाचं खातं, सिमकार्ड घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं. बायकांना माहीतही नसतं की आपलं असं खातं आहे.

तुम्ही पुण्यात बसूनही बघू शकता. माय आधारच्या संकेतस्थळावर आईंचा आधार नंबर टाका, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल तो फोनवर विचारून घ्या, मग 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की नाही ते दिसतं. ज्या बँकेचं नाव येईल तिथं तुमचे पैसे पडलेले असणार. जुन्याच बँकेत परत हवे असतील तर त्या शाखेत आधार जोडणीचा संमती फॉर्म भरून पोच घ्या. नुसतं "लिंक आहे" असं सांगितलं तर ऐकू नका. खात्याला आधार लागलेलं असणं आणि सरकारी पैशासाठी तीच बँक नोंदलेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेतल्या नव्या पोरांनाही यातला फरक कधी कधी माहीत नसतो.

आणि हे सगळ्यांसाठीच लिहिते, कारण आमच्याच धंद्यातलं आहे आणि मला त्याची लाज वाटते. बँकमित्राला पैसे काढून देण्याचं कमिशन बँक देते. गिऱ्हाइकानं एक रुपयाही द्यायचा नसतो. तरी हजारामागं वीस-वीस रुपये कापणारे आहेत. पावती मागा. अंगठा लागला नाही म्हणून पुन्हा लावायला सांगितलं तर आधीच्या व्यवहाराची पावती बघितल्याशिवाय लावू नका. म्हाताऱ्या बायकांची बोटं राखेनं भांडी घासून, ऊस भरून गुळगुळीत झालेली असतात, अंगठा खरंच लागत नाही. माझ्याकडं एक आजी पदर ओला करून एकेक बोट पुसते, दहाही बोटं लावून बघतो, बहुतेक वेळा डाव्या हाताची करंगळी लागते. त्यांना घाई करायची नसते.


गगनबावड्याहून :

आमच्याकडं पावसाळ्यात चार-चार दिवस रेंज नसते, मग मशीनही नाही आणि बँकमित्रही नाही. शाखेत जायचं तर वाडीपासून चालत रस्त्याला, तिथून एसटी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून बरं आहे, पण दिवस जातोच. पैसे आलेत की नाही हे आधी कळत नाही, म्हणून बाई दिवसाची हजेरी बुडवून जाते आणि हात हलवत परत येते. दोन खेपा झाल्या की ६०० रुपयांची मजुरी गेली. १,५०० मधून तेवढे वजा करा.

तारीख ठरलेली असली तर सगळ्या वाडीच्या बायका एकच जीप करून जातील. म्हणून ताईंच्या मुद्द्याला माझं अनुमोदन.


भोगावतीकाठ :

अगदी हेच. आणि तारखेचा दुसरा उपयोग सांगते. आमच्याकडं खासगी कर्ज कंपनीचा वसुलीचा पोरगा आठवड्याला येतो. पैसे जमा झाल्याचे मेसेज वाजायला लागले की तो त्या दिवशी माझ्या खोलीबाहेर उभा. बायका आतून नोटा घेऊन निघतात आणि पायरीवरच त्याच्या हातात देतात. पैसे कधी येणार हे बाईला आधी कळत नाही, त्यामुळं तिची तयारी नसते, त्याची मात्र असते. आपल्या पैशाचा दिवस आधी माहीत असेल तर बाई ठरवून येते, किती काढायचे, किती ठेवायचे. लाडकी बहीणचे पैसे थकलेल्या कर्जात वळते करून घेऊ नका असं सरकारनं बँकांना बजावलं होतं. ते चांगलं झालं. पायरीवरच्या वसुलीला मात्र कुठलंच पत्रक लागू होत नाही.


चंदगडकडचा :

ताई, तुम्ही विचारायला सांगितलं म्हणून विचारलं. आमच्या मिसेसनी विचारलं, मला कुणी सांगितलं नसतं. पाचपैकी दोघी दुसऱ्याच्या काजूच्या कारखान्यात जातात, सावलीत बसून काम आणि दर आठवड्याला पगार. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एकीनं दोन शेरडं घेतलीत, ती सकाळी त्यांच्यामागं असते. एक खरंच घरी आहे, तिची सून बाळंत झालीय. म्हणजे फुकट बसून खाणारी त्यात कुणी नाही. मी जे लिहिलं होतं ते न विचारता लिहिलं होतं, मागं घेतो. मजुरीची माझी अडचण आहे ती आहेच.

यावरून एक डोक्यात आलं ते लिहितो. मला पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमोचे ६,००० मिळतात, कारण माझ्या नावावर सात-बारा आहे. माझ्या रानात वीस वर्षं राबलेल्या गड्याला त्यातला रुपया नाही. त्याच्या नावावर गुंठाही नाही. शेतीचा पैसा शेतात राबणाऱ्याला मिळत नाही, जमिनीच्या कागदाला मिळतो. त्याच्या बायकोला लाडकी बहीणचे येतात तेवढाच त्या घराला आधार. तिचं वय यंदा ६४ आहे. पुढच्या वर्षी ६५ ओलांडली की तेही बंद, मग श्रावणबाळसाठी नव्यानं अर्ज, उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१,००० च्या आतला. दोन हातांनी राबणाऱ्या घराचं उत्पन्न २१,००० च्या आत कसं दाखवायचं? दाखला खरा द्यायचा तर योजना नाही, आणि योजना हवी तर दाखला खोटा. गुरुजी, तुमच्या ओळखीत तहसीलला कुणी असेल तर सांगा. मी त्याच्याबरोबर स्वतः जाणार आहे.


गडहिंग्लजचे_गुरुजी :

चंदगडकर, अवश्य. माझे एक माजी विद्यार्थी त्या कामाचे जाणकार आहेत, व्यक्तिगत निरोपातून संपर्क देतो. रेशनकार्ड, वयाचा पुरावा आणि ग्रामसभेचा ठराव असल्यास तोही सोबत ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर वयाबाबत वाद होत नाही. त्या काळच्या मुली पहिलीत तरी नाव घालून गेलेल्या असतात. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये शोधायला मी स्वतः येईन.


आईसाठी_विचारतोय :

उशिरा लिहितोय, क्षमस्व. सुट्टी काढून गावी आलो होतो.

पैसे सापडले. संकेतस्थळावर भलत्याच बँकेचं नाव आलं. आईला विचारलं तर आधी म्हणाली माझं तिथं कसलंच खातं नाही. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी गल्लीत एक पोरगी टेबल मांडून बसली होती, आधार आणि अंगठा घेतला, एक कापडी पिशवी दिली. ती पिशवी अजून घरात आहे, त्यावर त्या बँकेचं नाव आहे. गेले पाच महिने आई त्याच पिशवीतून बाजार आणत होती.

पाच महिन्यांचे ७,५०० सगळे तिथं जमा होते. शाखा लांब आहे म्हणून पोस्टमनला घरी बोलावलं, त्यांच्याकडंही ते मशीन असतं. उजव्या हाताचा अंगठा लागला नाही, तर्जनी नाही. ताई, तुम्ही लिहिलं होतं म्हणून डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत गेलो. तिथं लागला. आईनं २,००० काढले, बाकीचे राहू दे म्हणाली. पावती मागून घेतली. तिनं ती पासबुकात घडी घालून ठेवली.

जोडणी जुन्या बँकेत बदलायचा फॉर्म भरून पोच घेतलीय. पोस्टमन निघताना आईनं त्यांना विचारलं, पुढचे कुठल्या तारखेला येतील. त्यांना सांगता आलं नाही.